धुळीच्या दिवसांतला डाव

आज सकाळी उठले तेव्हा खोलीतला उजेड नारिंगी होता. समोरची इमारत दिसत नव्हती. तिच्या जागी जाड पिवळट पडदा लटकत होता आणि त्याच्या पलीकडून एखाद्या गाडीचा भोंगा विहिरीतून यावा तसा येत होता. जिभेवर माती लागली. मी एक टॉवेल ओला करून दाराच्या फटीत दाबला, दुसरा खिडकीच्या चौकटीत कोंबला. कुवेतमध्ये तेवीस वर्षं झाली; एप्रिल लागला की हात हे काम आपणहून करतात. इथली माणसं या दिवसांना सरायात म्हणतात. कधी आभाळ गडगडून चिखलाचे चार थेंब टाकतं आणि पळून जातं. कधी नुसतीच तोझ येते, म्हणजे धूळ, आणि आगंतुक पाहुण्यासारखी दोन-दोन दिवस हलत नाही.

रफीकने, माझ्या नवऱ्याने, चहा घेता घेता बाहेर पाहिलं. तो अर्दियाच्या एका गोदामात गाड्यांचे सुटे भाग सांभाळतो. त्याला या धुळीतून तिथवर जायचं होतं. निघताना म्हणाला, "अशीच होती ना गो ती दुपार? तुझ्या जपान्याची?" मी हो म्हटलं. दार लागलं, टॉवेल सरकला, तो मी परत नीट केला आणि तिथेच जमिनीवर बसून राहिले. आज माझी सुट्टी.

अशीच होती. भर दुपारी दिवे लावायला लागले होते.

मी शुऐबातल्या एका कारखान्यात, कंत्राटदाराच्या ऑफिसात कागदपत्रं सांभाळते. कुठला नकाशा कुणाकडे गेला, कुठला जोड तपासून झाला, कुठला राहिला, हे सगळं माझ्याकडे. गेल्या वर्षी याच दिवसांत शटडाऊन होता. सहा आठवडे अख्खा प्लँट बंद, टाक्या आणि मनोरे उघडे, आतून तपासणी, दुरुस्ती, आणि मग पुन्हा चालू. आमच्या पोर्टाकॅबिनच्या, म्हणजे पत्र्याच्या तात्पुरत्या ऑफिसच्या, एका कोपऱ्यात माझं टेबल, दुसऱ्या कोपऱ्यात इसोबे-सानचं. 'सान' म्हणजे आपलं 'साहेब' किंवा 'राव'. ते मला शमीम-सान म्हणत. वेल्डिंग इन्स्पेक्टर होते. साठी ओलांडलेले, अंगाने किडकिडीत, हेल्मेट काढलं की कपाळावर पट्ट्याची तांबडी रेघ. जोडांच्या एक्स-रे फिल्म दिव्याच्या काचेवर लावून तासन्‌तास बघत बसायचे. त्या पांढऱ्या उजेडात त्यांचा चेहरा पाण्याखाली असल्यासारखा दिसायचा. सगळे वेल्डर त्यांना टरकून असत. परांचीवाल्यांचे फोरमन सदाभाऊ गुरव, खेडकडचे, मला एकदा म्हणाले होते की भाभी, हा माणूस चूक शोधत नाही, वाट बघत बसतो तिची.

आमची ओळख सुकटीमुळे झाली. माझ्या डब्यात तांदळाची भाकरी आणि सुकट होती. झाकण काढल्याबरोबर केबिनभर वास झाला आणि मी ओशाळून डबा मिटला. इसोबे-सान उठून माझ्या टेबलाशी आले. तुटक इंग्रजीत म्हणाले की मिटू नका, हा माझ्या आईच्या अंगणाचा वास आहे. त्यांचंही गाव समुद्राकाठचं. तिथेही बायका मासे असेच वाळत घालतात आणि कावळे हाकत बसतात. त्या दिवसापासून मी दोन भाकऱ्या जास्त आणू लागले आणि त्यांनी एक दिवस जेवणानंतर टेबलावर लाकडाचा घडीचा पट उघडला.

त्या खेळाला शोगी म्हणतात. आपल्या बुद्धिबळाचा भाऊबंद. नऊ घरं उभी, नऊ आडवी. सोंगट्या चपट्या, एका बाजूला निमुळत्या, आणि दोन्हीकडच्या एकाच रंगाच्या; टोक कुणाकडे आहे त्यावरून ती कुणाची हे कळायचं. मारलेली सोंगटी मरत नाही. मारणाऱ्याच्या हातात जाते आणि पुढे कधीतरी त्याच्या बाजूने पटावर उतरते. राजाच्या बाजूचे दोन मोहरे सोन्याचे, त्यांच्या बाजूचे दोन चांदीचे, अशी नावं. मी प्रत्येक सोंगटीखाली पेन्सिलीने मराठीत अक्षर लिहून घेतलं होतं, त्याचं त्यांना फार हसू यायचं. पण एक गोष्ट त्यांनी मला पहिल्याच दिवशी गंभीरपणे सांगितली. या खेळात राजा मरेपर्यंत कुणी थांबत नाही. हरणाऱ्याला आधी कळतं. तो कॉलर सारखी करतो, पाण्याचा घोट घेतो, मान लववतो आणि तोंडाने म्हणतो, "हरलो." तसं म्हटल्याशिवाय डाव संपत नाही.

मी शिकत गेले, हरत गेले. मग हळूहळू शिओमीचं नाव कानावर पडू लागलं.

शिओमी हा धंदेवाईक शोगीपटू. जपानात हा खेळ खेळून पोट भरणारी मोजकी माणसं असतात. पोरं दहा-बारा वर्षांची असताना तालमीत शिरतात आणि सव्विसाव्या वर्षापर्यंत वरच्या दारातून आत जावं लागतं. दर सहा महिन्यांनी दोघेच आत जातात. सव्वीस झाले आणि दार उघडलं नाही, तर सामान उचलायचं. इसोबे-सान आणि शिओमी एकाच तालमीतले. शिओमी दोन वर्षांनी लहान. इसोबे-सानच्या शेवटच्या संधीच्या शेवटच्या दिवशी दोघांची गाठ पडली. जिंकेल तो आत.

शिओमी आत गेला. सुरुवातीची काही वर्षं चांगली गेली, एका मोठ्या किताबाच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचला, तिथे हरला आणि मग वर्षानुवर्षं एकेक पायरी उतरत राहिला. शेवटची दहा वर्षं त्याने क्रमवारीबाहेर काढली. त्याला चष्मा कधी लागला, बायको कधी वारली, चाल करताना त्याचा हात कधीपासून थरथरू लागला, हे सगळं इसोबे-सानना ठाऊक होतं. आणि त्यांनी पस्तीस वर्षांत त्याला एकदाही पत्र लिहिलं नव्हतं, फोन केला नव्हता.

त्यांच्याकडे एक जाड वही होती. शिओमीच्या डावांची, असं ते म्हणायचे. एकदा मी विचारलं की त्यात सगळे डाव आहेत का. ते म्हणाले, "नाही. फक्त हरलेले." मग माझ्याकडे न बघता बोलले, की तो हरला की त्या दिवशी त्यांना शांत झोप लागते. इतकी वर्षं तसंच आहे. सौदीत होते तेव्हाही, इथे आले तेव्हाही. माणसाला वाईट सवयी लागतात, तशी ही.

आमच्या कोकणात म्हणतात, अमक्याच्या मागे काहीतरी लागलंय. ज्याच्या मागे लागलंय तो जेवतोखातो, कामावर जातो, चारचौघांत नीट बोलतो. फक्त मधूनच मान वळवून बघतो. इसोबे-सान तसे बघायचे. माझ्या टेबलाच्या मागे नुसती फायलींची कपाटं होती.

तो जुना डाव त्यांनी मला एका दुपारी मांडून दाखवला. बाहेर तोझ सुरू झाली होती, उंचावरची कामं थांबवली होती, केबिनचा पत्रा वाजत होता. पस्तीस वर्षांपूर्वीची मांडणी, चाळीस सोंगट्या, एकदाही न अडखळता मांडली. आपला राजा कोंडला गेलाय असं त्यांना त्या दिवशी वाटलं. त्यांनी कॉलर सारखी केली, मान लववली, हरलो म्हणाले. शोगीत डाव संपल्यावर दोघं खेळाडू तिथेच बसून तो पुन्हा मांडतात आणि कुठे काय चुकलं ते एकमेकांना सांगतात. तशी रीतच आहे. त्या मांडणीत शिओमीने इसोबे-सानच्या हातातली सोन्याची सोंगटी हळूच एका घरात ठेवली आणि विचारलं, इथे ठेवली असतीत तर?

इसोबे-साननी ती सोंगटी माझ्यासमोर त्या घरात ठेवली. मलासुद्धा दिसलं. शिओमीचा राजा मरत होता. ते हरलेच नव्हते.

"त्याने दाखवायला नको होतं," ते म्हणाले. "हरलेला माणूस जगू शकतो. जिंकत असताना उठून गेलेल्याने काय करायचं?"

मग तुम्ही काय केलंत, मी विचारलं. मान खाली घालून रडलो, ते म्हणाले. भोवती माणसं होती, पण आवाज होऊ दिला नाही, त्यामुळे कुणाला कळलं नाही. सोंगट्या डब्यात भरल्या आणि स्टेशनवर गेलो.

त्या दिवशी मी त्यांना माझंही एक सांगितलं, जे रफीकलाही कधी नीट सांगितलेलं नाही. लग्नाआधी मी दापोलीत प्राथमिक शिक्षिकेच्या जागेसाठी मुलाखत दिली होती. निकालाची वाट न बघता निकाह होऊन इकडे आले. दोन वर्षांनी सुट्टीवर गेले तेव्हा धाकट्या भावाने जेवताना सहज सांगितलं की तू गेल्यावर आठच दिवसांनी नेमणुकीचं पत्र आलेलं, अम्माने ट्रंकेत ठेवलंय. अम्मा त्याच्यावर डोळे वटारून होती. मी हसले आणि भात मागून घेतला. इथे माझं काही वाईट चाललेलं नाही. पण शाळा सुटायच्या वेळी बसथांब्यावर पोरं दिसली की मी अजून रस्ता बदलते. त्याने सांगायला नको होतं, एवढंच मला नेहमी वाटतं. इसोबे-साननी ऐकून घेतलं आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून माझ्यापुढे मान लववली.

मार्चअखेर शिओमीची निवृत्ती ठरली होती. पण त्यांच्यात असा नियम आहे की आधीच सुरू झालेल्या स्पर्धेत जोवर हरत नाही तोवर खेळू देतात. एकच स्पर्धा उरली होती. एक हार, की संपलं. आणि त्या थरथरत्या हाताच्या म्हाताऱ्याने एप्रिलमध्ये एक डाव जिंकला. मग दुसरा. मग तिसरा. इसोबे-सान जेवेनासे झाले. भाकरी हातात घेऊन बसायचे. मी म्हटलं, तो हरावा असं वाटतंय का? त्यांनी भाकरी डब्यात परत ठेवली. मग म्हणाले की तो थांबला तर मी कुणाकडे बघू?

चौथा डाव होता एका एकोणीस वर्षांच्या मुलाशी. जपानभर गाजलेला मुलगा, म्हणून डाव थेट दाखवणार होते. जपान कुवेतच्या सहा तास पुढे. म्हणजे आमच्या दुपारी निकाल लागणार. आणि त्याच दिवशी एका मनोऱ्याच्या पोटात शिरून इसोबे-सानना चार जोड तपासायचे होते. ते काम त्यांच्याखेरीज कुणी करू शकत नव्हतं, आणि आत फोन न्यायला बंदी. त्यांनी आपला फोन माझ्या टेबलावर ठेवला. म्हणाले, "तुम्ही बघा. मला कळवा."

मी फायलींच्या आड फोन उभा करून बघत होते. कॅमेरा छताला होता. पट दिसायचा, चार हात दिसायचे, आणि वरून दोन डोकी. एक पांढरं, एक काळं. पडद्याच्या कडेला एक पट्टी होती, यंत्र हिशेब करून कोण पुढे आहे ते दाखवायचं. सकाळभर पट्टी मुलाकडे झुकलेली. बारानंतर धूळ वाढली, केबिनमध्ये संध्याकाळ झाल्यासारखं झालं, मी दिवा लावला. एकच्या सुमारास मुलाने एक चाल केली आणि पट्टी सरकायला लागली. सरकत सरकत जवळजवळ सगळीच शिओमीच्या बाजूला गेली. मी वॉकीटॉकी उचलून सदाभाऊंना मराठीत सांगितलं की इसोबे-सानना निरोप द्या, त्यांचा माणूस जिंकतोय. कुठला माणूस, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, एवढंच सांगा, त्यांना कळेल. थोड्या वेळाने खरखर झाली. सदाभाऊ म्हणाले, "सांगितलं भाभी. मनोऱ्याच्या तोंडाशी येऊन ऐकलंन. मग आत तोंड करून काहीतरी गुणगुणत गेला."

मी परत पडद्याकडे वळले. शिओमीने पाण्याचा पेला उचलला, ठेवला. कॉलरला हात लावला. मला काही समजायच्या आत पांढरं डोकं खाली झुकलं.

मुलगाही चमकला असावा. त्याची मान लगेच झुकली नाही. पट्टी अजून शिओमीच्या बाजूलाच होती.

मग दोघांनी डाव पुन्हा मांडायला घेतला. आवाज नव्हता, आणि असता तरी वाऱ्यात ऐकू आला नसता. मुलाचं बोट पटावरच्या एका घरापाशी गेलं, मागे आलं, परत गेलं. त्याने एक सोंगटी तिथे ठेवली. पांढरं डोकं तिच्यावर वाकलं आणि वाकलेलंच राहिलं. मग त्याचे खांदे हलले. चांगले हलले, दोन-तीनदा. मुलाने हात मागे घेतला. तेवढ्यात चित्र बदललं.

इसोबे-सान तीनला आले. भुवया मातीने पांढऱ्या झालेल्या, गॉगलच्या जागी दोन स्वच्छ वर्तुळं. ते आत आले ते हसतमुख. माझ्याकडे बघितलं आणि हसू ओसरलं. मी फोन पुढे केला. शेवटची मांडणी पडद्यावर होती. त्यांनी ती बघितली आणि एका नजरेत त्यांचं बोट बरोबर त्या घरावर गेलं.

हार-जितीबद्दल काही बोलले नाहीत.

"मुलाने दाखवलं का त्याला?"

"हो," मी म्हटलं.

"मग?"

मला आठवतंय, मी आधी पाणी प्यायले. मग म्हटलं, "हसले ते."

त्यांनी मला पुन्हा विचारलं, नक्की? मी म्हटलं, हो, मोठ्याने हसले असावेत, खांदे हलत होते. इसोबे-सान खुर्चीवर बसले. वही काढली. तारीख घातली, पहिल्या दोन ओळी लिहिल्या आणि पेन थांबलं. वही मिटून त्यांनी ती खणात ठेवली. त्यानंतर शटडाऊन संपेपर्यंत पटही उघडला नाही. जेवायचे मात्र नीट.

मी त्या वेळी खोटं बोलले असं मला वाटत नाही. खांदे हलताना बघितले आणि हसू म्हटलं. पण हसूच का म्हटलं, हे मी आज वर्षभर स्वतःला विचारते आहे. कुणीतरी हसू शकतं, असं मला स्वतःलाच हवं होतं, हे खरं.

प्लँट सुरू झाल्यावर कंपनीने आम्हा सगळ्यांना एका शुक्रवारी खैरानला नेलं. समुद्रावरचं भाड्याचं घर, म्हणजे शॅले, कोळशावर झुबेदी, म्हणजे आपला पापलेट. हवा धुऊन काढल्यासारखी होती. इसोबे-सान पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उभे होते. मी जवळ गेले तेव्हा म्हणाले की जूनमध्ये करार संपतोय, परत जातो. आणि शिओमीला भेटतो. "जो अशा वेळी हसतो, त्याला विचारायला हवं, कसं जमलं." त्यांचा चेहरा इतका मोकळा मी कधी पाहिला नव्हता. पायाखालची वाळू लाटेबरोबर सरकत होती, तेवढीच कळत होती.

त्यानंतर महिनोन्‌महिने काही नाही. मग आठ दिवसांपूर्वी त्यांचा लांबलचक निरोप आला. ते शिओमीच्या गावी गेले होते. तो आता तिथे म्हाताऱ्यांना आणि शाळेतल्या पोरांना शोगी शिकवतो. त्याने इसोबे-सानना दारातच ओळखलं. चहा झाला. त्यांनी विचारलं, त्या दिवशी तुला हसायला कसं आलं? तो म्हणाला, मी हसलो नव्हतो. मग दोघं संध्याकाळपर्यंत बसून राहिले. आता ते दर रविवारी जातात, कधी खेळतात, कधी नाही. शेवटी एकच ओळ होती. शमीम-सान, तुम्ही नक्की काय पाहिलं होतं?

आठ दिवस मी उत्तर दिलं नाही. स्वयंपाक करताना, बसमध्ये, नकाशांवर शिक्के मारताना ते खांदे हलताना दिसत राहिले. हसण्याचे म्हणून बघावेत तर हसण्याचे. रडण्याचे म्हणून बघावेत तर रडण्याचे. वरून माणूस कळत नाही.

आज दाराशी बसल्या बसल्या मी लिहून टाकलं. मी त्यांचं तोंड पाहिलं नव्हतं. कॅमेरा वर होता. एक पांढरं डोकं आणि हलणारे खांदे, एवढंच पाहिलं. हसले हे मी माझ्या मनाचं सांगितलं. मला माफ करा.

उत्तर दुपारी, जोहरच्या अजानच्या वेळी आलं. बाहेर अजून तसंच पिवळं होतं. त्यांनी लिहिलं होतं:

"तुमचं पत्र आलं तेव्हा मी शिओमीकडेच होतो, त्याला वाचून दाखवलं. मग तो मला म्हणाला, 'पस्तीस वर्षांपूर्वी मी ती सोन्याची सोंगटी पटावर ठेवली तेव्हा तुझेही खांदे हलले होते, आणि मला वाटलं तू हसतोयस.' इतकी वर्षं तो शिकवेल त्या पोरांना सांगत आलाय, की हरल्यावर हसणारा माणूस त्याने आयुष्यात एकच पाहिला."